गेटबाहेरचा रस्ता

इंदूरहून उज्जैनला जाणाऱ्या रस्त्याला आमच्याकडे सांवेर रोड म्हणतात. मरीमाता चौराहा मागे टाकून बाणगंगा ओलांडली की कारखाने सुरू होतात. औषधं, प्लास्टिक, खाद्यपदार्थ, यंत्रांचे सुटे भाग, पॅकिंगचं सामान असं बरंच काही या औद्योगिक क्षेत्राच्या गल्ल्यांमध्ये तयार होतं. पुढे लवकुश चौराहा, अरबिंदो हॉस्पिटल, मग शेतं, धरमपुरी, सांवेर गाव आणि शेवटी क्षिप्राकाठचं उज्जैन. सगळा मिळून पंचावन्न किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. माझी सारी नोकरी त्याच्या पहिल्या काही किलोमीटरांत झाली. एका मध्यम आकाराच्या कारखान्यात मी कामगारांचं खातं सांभाळत होतो. भरती, हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय ही माझी कामं. कुणाला काही झालं तर त्याच्या घरी जाणं हे नेमणूकपत्रात लिहिलेलं नव्हतं, पण तेही माझ्याकडेच येई.

त्या कामाने मला जे दाखवलं ते आता सांगावंसं वाटतं. कारखान्याच्या आत यंत्रावर आमची जितकी मुलं जखमी झाली, त्याहून कितीतरी जास्त गेटबाहेर रस्त्यावर झाली. आणि जी जिवानिशी गेली, ती सगळी रस्त्यावरच गेली.

मी नोकरीला लागलो तेव्हा पाळी सुटली की गेटमधून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. मग मोपेड आल्या, मग हप्त्यावरच्या मोटरसायकली. पहिली कायम नोकरी लागली की मुलगा पहिल्यांदा गाडीच घेई. त्यात वावगं काहीच नव्हतं. गावाहून बस धरून येणाऱ्याचे रोजचे दोन तास वाचत. पण रस्ता तोच होता. त्याच रस्त्यावर माल भरायला आलेले ट्रक, लोडिंग रिक्षा, ई-रिक्षा, उज्जैनच्या बसगाड्या, मंडीला निघालेले ट्रॅक्टर, डबे घेऊन पायी जाणाऱ्या बायका, आणि दुभाजकाच्या फटीपर्यंतचा वळसा नको म्हणून उलट्या बाजूने येणारे. पाळी सुटण्याच्या त्या अर्ध्या तासात हे सगळे एकाच वेळी रस्त्यावर असत. त्यात मोटरसायकलवर एकाच्या जागी तिघे.

गेटच्या आत शिस्त कडक होती. आमच्या पॉवर प्रेसला दोन बटणं होती आणि दोन्ही हातांनी ती एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नसे, म्हणजे हात आत राहण्याचा प्रश्नच येऊ नये. काही यंत्रांची जाळी उघडी राहिली तर यंत्र चालूच होत नसे. नवा मुलगा आला की तो आधी जुन्या कारागिराच्या शेजारी उभा राहून शिके. तेव्हाचा कारखाना कायदा १९४८ चा होता. अठराच्या आतल्या मुलाला धोके पूर्ण समजावल्याशिवाय, आणि नीट शिकवल्याशिवाय किंवा कुणी जाणत्या माणसाची नजर असल्याशिवाय धोकादायक यंत्रावर उभं करू नये, असं त्यात लिहिलेलं होतं. तोच नवा मुलगा गेटबाहेर पडला की शंभरावर किलो वजनाच्या यंत्रावर बसून ट्रकांच्या गर्दीत शिरायचा. तिथे त्याच्या शेजारी कुणी जाणता नसे, आणि गाडीला जाळीही नसते.

मशीन शॉपमधला एक मुलगा मला नेहमी आठवतो. तेवीस-चोवीस वर्षांचा, कामात नीटनेटका, हत्यारं पुसून जागेवर ठेवणारा. पावसाळ्यातली संध्याकाळ होती. पाळी सुटल्यावर तो एकटाच मोटरसायकलवर निघाला. पुढे एक लांब ट्रक डावीकडच्या गल्लीत वळायला आधी थोडा उजवीकडे सरकला. लांब ट्रकला तसं करावंच लागतं. त्यामुळे डाव्या बाजूला मोकळी जागा दिसली आणि हा तिच्यात शिरला. ट्रक वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, ती आतून कापून जातात. म्हणून ती मोकळी जागा बघता बघता मिटते. ट्रकच्या डाव्या कुशीला लागून कुणी चाललं असेल तर ड्रायव्हरला केबिनमधून ते दिसतही नाही. हँडलला ट्रकचा धक्का लागला, मुलगा फेकला गेला आणि त्याचं डोकं नाल्याच्या सिमेंटच्या कडेवर आपटलं. हेल्मेट त्याच्याजवळ होतं, कोपरात अडकवलेलं. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं-तिघं त्याच्या घरी गेलो. वडील भिंतीला टेकून बसले होते. आईने मला एकच विचारलं, ‘‘साब, उसको जल्दी किस बात की थी?’’ मला उत्तर देता आलं नाही, कारण घाई कशाचीच नव्हती. पाळी संपली होती. घरी कुणी आजारी नव्हतं, कुठे वेळेत पोचायचं नव्हतं. ट्रक वळेपर्यंत थांबायला अर्धं मिनिट लागलं असतं. नंतरच्या वर्षांत मी अशा जितक्या घरी गेलो, तिथे मला हाच प्रश्न या ना त्या शब्दांत ऐकायला मिळाला. आणि बहुतेक वेळा घाईला कारण नव्हतंच.

२०१० साली ईएसआय म्हणजे कामगार विम्याच्या कायद्यात ५१-ई हे कलम आलं. घरून कामावर येताना किंवा कामावरून घरी जाताना झालेला अपघात, कामाशी त्याचा संबंध दाखवता आला तर, नोकरीतला अपघात धरला जातो. मृत्यू झाला तर सरासरी मजुरीच्या ९० टक्के दराने अवलंबितांना पेन्शन मिळते. या मुलाचे कागद मीच केले, नंदानगरच्या ईएसआय कार्यालयापर्यंत फेऱ्या मारल्या, आणि पैसे सुरू झाले. म्हाताऱ्या माणसांना त्याचा आधार झाला. ज्यांच्या घरी कुणी ईएसआयमध्ये असेल त्यांनी ही तरतूद जरूर लक्षात ठेवावी. पण आईच्या प्रश्नाला कोणत्याच कागदात उत्तर नव्हतं.

त्यानंतर मालकांनी सगळ्यांना हेल्मेटं घेऊन दिली आणि गेटवर नियम झाला: दुचाकीवाला हेल्मेटाशिवाय बाहेर पडणार नाही. पहारेकरी तपासायचा. मुलं गेटपर्यंत डोक्यावर घालत आणि पुढच्या वळणावर टाकीवर ठेवत. मी त्यांच्याजवळ बसून कारणं विचारली. मे महिन्यात डोकं भाजून निघतं. मागून येणारी गाडी ऐकू येत नाही. केस जातात. काही जण घालत, पण पट्टा बांधत नसत. काही जण कानाशी मोबाइल ठेवून वर हेल्मेट दाबून बसवत, म्हणजे बोलत बोलत गाडी चालवता येई. पट्टा न बांधलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्यातच डोक्यावरून उडतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रस्त्याकडेला ढिगाने मिळणाऱ्या स्वस्त टोप्या आणि आयएस ४१५१ चा शिक्का असलेलं हेल्मेट यांतला फरकही त्यांना ठाऊक नव्हता.

याच बोलण्यांतून आणखी एक गोष्ट कळली. सकाळी दहा मिनिटं उशीर झाला की अर्ध्या दिवसाची मजुरी कापली जाई, म्हणून शेवटचे दोन-तीन किलोमीटर मुलं जीव मुठीत धरून गाडी हाणत. आम्ही ते बदललं. जितका उशीर तितकेच पैसे कापायचे, किंवा संध्याकाळी तेवढं थांबून भरून काढायचं. एक जुना ऑपरेटर होता. त्याच्या पायात रस्त्यावरच्या अपघातानंतर सळई घातलेली होती आणि तो लंगडत चालायचा. त्याला आम्ही नव्या मुलांसमोर बोलायला उभं केलं. तो भाषण करत नसे. पँट वर करून पाय दाखवायचा, किती महिने बिछान्यावर होता ते सांगायचा, आणि बायकोने कुणाकुणाकडून उसने पैसे आणले त्यांची यादी म्हणायचा. माझ्या सगळ्या सूचनाफलकांपेक्षा त्याच्या दहा मिनिटांचा उपयोग जास्त झाला. सगळी मुलं सुधारली असं म्हणणार नाही, पण सकाळची शर्यत कमी झाली आणि पट्टे बांधले जाऊ लागले.

कामगारांच्या घरची ही दुखणी मी पाहत होतो, पण ती आमच्या मराठी वस्तीत, रामबागेत येणार नाहीत असं कुणीच मानू नये. आमच्याच घरात ते घडलं. माझ्या ताईचा मुलगा तेव्हा कॉलेजात होता. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल लोकचं उद्घाटन झालं, आणि त्यानंतर उज्जैनची गर्दी खूपच वाढली. महाकालाची भस्मारती पहाटे चारला असते. तिच्यासाठी इंदूरची तरुण मुलं रात्री बारा-एकला टोळ्यांनी निघतात. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाऊन झालं की तिथूनच, झोप न घेता, थेट सांवेर रोड. भाचा आणि त्याचा मित्र असेच निघाले. भाच्याकडे लायसन होतं, त्याने हेल्मेट घातलं होतं. मागे बसलेल्या मित्राच्या डोक्यावर काही नव्हतं. अरबिंदो मागे पडल्यावर दिवे विरळ होतात. मंडीत माल उतरवून गावाकडे परतणारी एक रिकामी ट्रॉली पुढे चालली होती. तिच्या मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. ती दिसली तोवर उशीर झाला होता.

भाच्याच्या मांडीचं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. मित्राच्या डोक्याला मार लागला. तो वाचला, पण कित्येक आठवडे त्याला माणसं नीट ओळखू येत नव्हती. वाचलेलं पान दुसऱ्या दिवशी आठवत नसे. कॉलेजचं एक वर्ष गेलं. आजही तो बोलताना मध्येच शब्द शोधत थांबतो. एकाच गाडीवर, एकाच वेगाने, एकाच ट्रॉलीवर आदळलेली ही दोन मुलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हेल्मेट नीट घातलं तर मेंदूला इजा होण्याचा धोका ७४ टक्क्यांपर्यंत कमी होतो. आमच्या घरात हा आकडा कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

भाचा बरा होत असताना मी त्याच्याजवळ बसत असे. तो म्हणाला, ‘‘मामा, मी बेफाम नव्हतो हो. रस्ता एकदम मोकळा होता.’’ ते खरंच होतं. मग आम्ही दोघांनी कागदावर हिशेब मांडला. ताशी ८० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. पुढे काहीतरी आहे हे डोळ्यांना कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद तरी जातो, झोप डोळ्यांवर असेल तर जास्त. त्यानंतर कोरड्या, चांगल्या रस्त्यावरही गाडी थांबायला आणखी पस्तीस-चाळीस मीटर लागतात. म्हणजे सगळे मिळून साठेक मीटर. आणि खाली वळवलेल्या हेडलाइटच्या उजेडात अंधारातली बिनदिव्याची ट्रॉली दिसते तीस-चाळीस मीटरवर. मग थांबणार कसं? तोच वेग ५० असता तर तीसेक मीटरमध्ये गाडी थांबली असती. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावरचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. भाचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी. हे सूत्र त्याने परीक्षेत कितीदा सोडवलेलं होतं, पण ते आपल्या गाडीचंही आहे असं त्याला शिकवणाऱ्या कुणीच म्हटलं नव्हतं. रात्रीचा मोकळा रस्ता मुलांना सुरक्षित वाटतो. दिवसाच्या गर्दीत वेगाला आपोआप आळा बसतो, रात्री तो आळा नसतो. मुलांना हे समजावून द्यायला हवं.

केंद्र सरकारच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले दोन-तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस वयातले होते. दुचाकीवरचे ४४.५ टक्के होते. हेल्मेट न घातलेले पन्नास हजारांवर, आणि पायी चालणारे ३२ हजारांवर. अपघातांच्या संख्येत तामिळनाडूनंतर आमच्या मध्य प्रदेशाचा क्रमांक होता: ५४ हजारांहून अधिक. त्या वर्षीच्या एकूण मृत्यूंपैकी सत्तर टक्क्यांहून जास्त वेगाच्या नावावर मांडलेले आहेत. हे आकडे वाचताना मला त्या पायी जाणाऱ्या डबेवाल्या बायका आठवतात. तरुण मुलाच्या वेगाची किंमत नेहमी तोच भरतो असं नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला हे सगळ्या देशाने पाहिलं. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पोर्श गाडी होती, आणि मोटरसायकलवरचे जे दोन तरुण इंजिनिअर गेले ते आमच्या मध्य प्रदेशातले होते. नोकरीसाठी पुण्याला गेलेली मुलं इथे घरोघरी आहेत, त्यामुळे त्या दिवसांत इंदूरच्या मराठी घरांतून दुसरा विषयच नव्हता. आरोपी मुलाला लगेच मिळालेल्या जामिनाच्या अटींत तीनशे शब्दांचा निबंध होता, त्याने लोक संतापले. माझाही संताप झाला. पण त्याच आठवड्यात आमच्या गल्लीतली पंधरा वर्षांची मुलं आईची स्कूटर घेऊन क्लासला जातच होती. गाडी महाग असो की साधी, अठराच्या आतल्या मुलाच्या हाती किल्ली घरातल्या मोठ्या माणसानेच दिलेली असते, किंवा तो घेतो तेव्हा डोळेझाक केलेली असते.

एका शेजाऱ्यांशी मी हे बोललो. ते म्हणाले, ‘‘अहो काका, कॉलनीतल्या कॉलनीतच तर जातो. क्लास लांब, आम्ही दोघंही नोकरीवाले. सोडायला कोण जाणार?’’ अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. तरीही त्यांना मी कायदा सांगितला. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीत मोटार वाहन कायद्यात १९९-ए कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन नाही. सोळाव्या वर्षी बिनगिअरच्या गाडीचं लायसन मिळतं, पण ५० सीसीपर्यंतच्याच. घरोघरी असलेल्या स्कूटर शंभराच्या वरच्या आहेत, तेव्हा ती सवलत त्यांना लागू नाही. शेजाऱ्यांना कैदेची भीती वाटली. मला वाटतं, भीती त्याहून मोठी हवी. मुलाच्या हातून दुसऱ्याचं माणूस गेलं, तर तो मुलगा ते आयुष्यभर वागवणार आहे.

१ ऑगस्ट २०२५ पासून इंदूरमध्ये हेल्मेटाशिवाय पेट्रोल देऊ नये असा आदेश निघाला. पंपावर मी मुलांना शेजारच्याचं हेल्मेट उसनं घेऊन पेट्रोल भरताना आणि लगेच परत करताना पाहिलं. आमच्या कारखान्याच्या गेटवर झालं तेच. पंपावरचा किंवा चौकातला नियम हवाच, त्याने काही जीव वाचतात. पण तो त्या ठिकाणापुरताच चालतो. पुढच्या वळणानंतर मुलाच्या बरोबर जे येतं, ते त्याच्या घरून आलेलं असतं.

आणखी एक गोष्ट सांवेर रोडवरूनच शिकलो. अपघात झाला की गर्दी जमते, मोबाइल वर जातात आणि उचलायला कुणी पुढे होत नाही. पोलिसांच्या चकरा पडतील अशी भीती असते. पण मोटार वाहन कायद्याच्या १३४-ए कलमाने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे. त्याच्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ पासून केंद्राची योजनाही आहे: अपघातग्रस्ताला ठरलेल्या हॉस्पिटलांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळू शकतात. आमच्या कारखान्यासमोरचा चहावाला हे काही न वाचता वर्षानुवर्षं करत आला. दुकान तसंच टाकून तो धावायचा, १०८ ला फोन लावायचा, आणि जखमीची मान हलू न देता ॲम्ब्युलन्स येईपर्यंत तिथेच बसायचा. पहिल्या तासात अशी माणसं भेटली म्हणून आमची काही मुलं आज कामावर आहेत.

२०२८ च्या सिंहस्थासाठी इंदूर-उज्जैन रस्ता सहापदरी होतो आहे. रुंद रस्ता हवाच. पण रुंद रस्त्यावर वेग वाढणार, आणि कारखान्यांतून पायी सुटणारी माणसं तीच राहणार. म्हणून औद्योगिक भागात बाजूचा वेगळा रस्ता, ओलांडायला सोयीची जागा, रात्रभर जळणारे दिवे आणि ट्रॉल्यांना मागे चमकणाऱ्या पट्ट्या, एवढं तरी बरोबरीने झालंच पाहिजे. हे सरकारने करायचं आहे आणि आपण मागत राहायचं आहे.

घरात करण्याजोगं मात्र आजच करा. मूल अठराचं झालं नसेल तर किल्ली तुमच्याजवळ राहू द्या. झालं असेल तर पहिले काही महिने त्याच्या मागे बसून फिरा, पावसात, रात्री आणि ट्रकांच्या गर्दीतही. दोन हेल्मेटं घ्या, दुसरं मागे बसणाऱ्यासाठी, आणि तुम्हीही पट्टा बांधूनच गाडी चालवा, कारण मुलं तेच पाहतात. तो गाडीवर असेल तेव्हा त्याला फोन करू नका. पहाटेच्या आरतीला जायचं असेल तर बसने किंवा चारचाकीने, झोप घेऊन पाठवा. आणि घराबाहेर पडताना त्याला स्पष्ट सांगा की उशीर झाला तर आमच्या घरात कुणी रागावणार नाही.